टाकाऊ वस्तूंपासून बालहस्तकला

टाकाऊ वस्तूंपासून बालहस्तकला : घरात, शेतात वा परिसरात वापरून झालेल्या आणि मूळ कामासाठी निरुपयोगी ठरलेल्या वस्तूंना नवे रूप व नवा उपयोग देऊन मुलांनी केलेली खेळणी, शोभेच्या वस्तू आणि साधी उपकरणे यांचा या कलेत अंतर्भाव होतो. शालेय व्यवहारात हिला ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे सुटसुटीत नाव रूढ आहे. वस्तू मोडून, वितळवून वा कुजवून तिच्यातील द्रव्य परत मिळविणे (पुनश्चक्रीकरण) हे या कलेहून भिन्न आहे. येथे वस्तूचे मूळ द्रव्य बहुधा तसेच राहते आणि तिचे प्रयोजन तेवढे बदलते, उदा., फाटलेल्या धोतराची बाहुली होते, बाटलीच्या झाकणाची भिंगरी होते. साधने घरातील, खर्च नाममात्र व कृती मुलाच्या हाताच्या आवाक्यातील ही या कलेची तीन प्रमुख लक्षणे होत.

प्रस्तुत नोंदीत या कलेचा विचार मुख्यतः मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. गोदावरी व मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश ज्वारी, कापूस व तूर या पिकांचा. येथील मुलांची परंपरागत खेळणी याच पिकांच्या अवशेषांतून आणि घरातील जुन्या कापडातून तयार होत आली आहेत. (१६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला, परंपरेच्या दृष्टीने हा सर्व भाग एकच आहे.)

पार्श्वभूमी : शेतकरी कुटुंबात ‘टाकाऊ’ ही कल्पनाच मुळात अत्यंत मर्यादित होती. ज्वारीचे कणीस काढल्यावर उरणारा कडबा हा जनावरांचा चारा. जनावरांनी पाला खाऊन मागे ठेवलेली जाड धाटे हे चुलीचे जळण. त्या चुलीची राख भांडी घासण्यासाठी. लुगडे विरले, की त्याचे पाळण्यातील दुपटे होई, नंतर गोधडीचा थर व शेवटी पोतेरे. वस्तूच्या या उतरत्या प्रवासात जळण किंवा पोतेरे होण्यापूर्वीचा एक मुक्काम मुलांचा असे. चघळीतील धाटे, गोधडीतून उरलेल्या चिंध्या, फुटक्या कौलांचे तुकडे, चिंचोके, फुटलेल्या बांगड्यांच्या काचा, सायकलची जुनी धाव एवढ्या सामग्रीवर मुलांचे खेळविश्व उभे राही. फुटक्या कौलांची लगोरी, मधोमध फोडलेल्या चिंचोक्यांचे फासे, पिंपळाच्या पानाची पिपाणी, आंब्याची रुजलेली कोय दगडावर घासून केलेली पुंगी ही याची सर्वपरिचित उदाहरणे होत. [→ खेळणी, भातुकली].

सण व शेतीतील विधी यांच्याशीही या हस्तकौशल्याचा संबंध आहे. लातूर जिल्ह्यात व लगतच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येस वेळ अमावास्या (येळवस) साजरी होते. त्या वेळी शेतात कडब्याच्या पेंढ्यांची लहान खोप उभारून तीत पूजा मांडतात. ही खोप उभारण्यास मुलांची मदत असते आणि पेंढ्या एकमेकींना टेकवून तोल कसा साधतो, हे ती पाहून शिकतात. पोळ्याचे मातीचे बैल व दिवाळीतील शेणाच्या गवळणी ही हातास वळण लावणारी आणखी दोन निमित्ते. किनवट व मुखेड या तालुक्यांत बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. कापडाचे तुकडे, कवड्या व आरसे जोडून केलेल्या बंजारा भरतकामात तुकड्यांच्या रचनेची उत्तम जाण दिसते. किनवटच्या जंगलभागात पळसाची पाने काडीने टाचून पत्रावळी व द्रोण करतात. हे काम मुलेही सहज शिकतात.

धाटांची खेळणी : मराठवाड्याचे वैशिष्ट्य सांगावे असे हे खेळण्यांचे प्रकार. वाळलेल्या ज्वारीच्या धाटाचे दोन भाग असतात : बाहेरची गुळगुळीत, चिवट साल व आतील हलका, स्पंजासारखा गाभा. या गाभ्यास भेंड म्हणतात. धाटाची साल उभी सोलून तिच्या पट्ट्या काढतात व भेंडाचे हवे तेवढ्या लांबीचे तुकडे पाडतात. सालीच्या पट्टीचे टोक भेंडात खुपसले, की भेंडातील पोकळ पेशी दबतात आणि पट्टी घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे खिळा, दोरा वा डिंक यांपैकी कशाचीच गरज भासत नाही. साल म्हणजे दांडी व भेंड म्हणजे सांधा, हे या संपूर्ण कलेचे सूत्र होय.

या सूत्रावर बैलगाडी, पाळणा, खाट, चष्मा, घर, पक्षी अशा अनेक वस्तू मुले तयार करतात. बैलगाडीसाठी सु. ३ सेंमी. लांबीच्या भेंडाचा तुंबा घेऊन त्यात सालीच्या सारख्या लांबीचे आरे चोहोबाजूंनी खोचतात. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर भेंडाचे छोटे तुकडे बसवून त्यांतून सालीची लवचिक पट्टी गोल फिरविली, की चाक तयार होते. अशा दोन चाकांच्या तुंब्यांतून सालीची सरळ कामटी आस म्हणून घालतात. आसावर चौकट, चौकटीपुढे दांडी व दांडीच्या टोकाशी जू बसविले, की गाडी पूर्ण होते. चाक न अडखळता फिरावयाचे, तर आरे सारख्या लांबीचे असले पाहिजेत आणि आस तुंब्याच्या मध्यातूनच गेला पाहिजे. वर्तुळाची त्रिज्या व केंद्र या कल्पना त्या शब्दांची ओळख होण्यापूर्वीच मुलाच्या हातात येतात, त्या अशा.

चौकट करताना मुलास दुसरा महत्त्वाचा अनुभव येतो. चार पट्ट्यांचा चौकोन बोटाने दाबला, की तिरका होऊन समांतरभुज होतो; त्यात एक कर्ण बसविला, की तो हलत नाही. तीन बाजूंच्या लांबी ठरल्या, की त्रिकोणाचा आकार ठरतो. चौकोनाचा मात्र ठरत नाही. घराच्या कैच्या, विजेचे मनोरे व लोखंडी पूल त्रिकोणांनी का बांधतात, याचे उत्तर या खेळण्यात आहे. सालीची कड धारदार असते व तीमुळे बोट कापते. म्हणून धाट सोलण्याचे काम सात-आठ वर्षांखालील मुलांना देऊ नये. सोलण्यापूर्वी धाट थोडे ओलसर केल्यास साल न तुटता निघते.

कापडी वस्तू : जुने सुती कापड हे सर्वांत निर्धोक साधन होय. ते प्रथम गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवितात. चिंध्यांची बाहुली करण्यासाठी सु. ३० सेंमी. बाजूचा फिकट रंगाचा चौकोनी तुकडा घेतात. त्याच्या मध्यावर कापसाचा वा चिंध्यांचा लिंबाएवढा गोळा ठेवून कापड त्याभोवती आवळतात व खाली दोरा बांधतात, हे डोके. एका चिंधीची घट्ट सुरळी मानेखाली आडवी ठेवून ती फुलीच्या आकारात दोऱ्याने बांधली, की हात होतात. उरलेला घोळ हाच बाहुलीचा पोशाख. त्यावर काठाच्या तुकड्याचे लुगडे नेसवितात. डोळे व तोंड दोऱ्याने शिवावे. तीन वर्षांखालील मुलांच्या बाहुलीस गुंड्या वा मणी लावू नयेत, कारण ते निघून घशात अडकण्याचा धोका असतो.

चिंध्यांचा चेंडू हा बाहुलीपेक्षाही सोपा. मध्ये घट्ट गाठोडे, त्यावर एकाआड एक दिशेने गुंडाळलेल्या चिंध्या व शेवटी सुतळीचे जाळे असे त्याचे स्वरूप असते. थर प्रत्येक वेळी दिशा बदलून घातले नाहीत, तर चेंडू लांबट होतो. मोठ्या मुलांना १५ सेंमी. बाजूचे चार, पुढे नऊ चौकोन जोडून बाहुलीची गोधडी शिवता येते. गोधडीत उभ्या धावदोऱ्याखेरीज दुसरा टाका लागत नाही. मात्र टाके सारख्या अंतरावर पडण्यास हात स्थिर असावा लागतो. ही कला घरातील आजी-आईंकडे आहे. त्यामुळे शिक्षक येथे शिकविणारा नसून पुष्कळदा आजीला वर्गात आणणारा असतो. [→ गोधडी].

कागदकाम : जुनी वर्तमानपत्रे व वह्यांचे कागद यांचा लगदा करून त्याच्या टोपल्या करण्याची पद्धत महाराष्ट्रातील घरांत जुनी आहे. कागदाचे बारीक तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून कुटतात व त्यात भिजवून वाटलेली मूठभर मेथी घालतात. मेथीच्या दाण्यात भरपूर चिकट गोंदासारखे द्रव्य असते. ते कागदाचे तंतू धरून ठेवते. पालथ्या पातेल्यावर ओले फडके पसरून त्यावर लगद्याचा सु. अर्धा सेंमी. जाडीचा थर थापतात आणि सावलीत व मग उन्हात वाळवितात. कोरडी टोपली आपोआप सुटते. तीवर गेरू, खडू किंवा हळद यांनी नक्षी काढतात. सुया, दोरे, खडू, पेन्सिली ठेवण्यास ती उत्तम. परंतु खाद्यपदार्थांसाठी ती वापरू नये. छपाईच्या शाईतील द्रव्ये पदार्थांत उतरतात. त्यामुळे वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, अशी सूचना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिली आहे. टंचाईच्या दिवसांत लगद्यासाठी भांडी विसळलेले पाणी चालते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ही सूचना क्षुल्लक नाही.

चिकटविण्यासाठी घरगुती खळ पुरते. पिठात थंड पाणी घालून गुठळ्या मोडाव्यात व मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवावे. खळ टिकावी म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या खळीत तो कदापि घालू नये. खळ थोडी करावी व दोन दिवसांत संपवावी. खळ, जुना कागद व खराट्याच्या काड्या एवढ्यावर पतंग व आकाशकंदील होतात.

शास्त्रीय खेळणी : काही टाकाऊ वस्तूंतून निसर्गनियम दाखविणारी खेळणी सहज तयार होतात. काडेपेटीच्या दोन रिकाम्या खणांच्या तळाला छिद्र पाडून त्यांतून ५-६ मी. लांबीचा दोरा ओवतात व आत काडीचा तुकडा बांधून तो अडवितात. दोरा ताणून एकाने खणात बोलावे व दुसऱ्याने दुसरा खण कानाशी धरावा. बोलण्याने खणाचा तळ कंप पावतो, तो कंप ताणलेल्या दोऱ्यातून पलीकडे जातो व तेथे पुन्हा ध्वनी होतो. दोरा सैल सोडला किंवा मध्ये बोटाने धरला, की आवाज बंद होतो. पुस्तकात न पाहता ‘ध्वनी म्हणजे कंप’ हे मुलास कळते.

भिंगरीसाठी मोठी गुंडी किंवा दुहेरी पुठ्ठ्याची चकती घ्यावी. मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंस, सु. अर्धा सेंमी. अंतरावर, दोन छिद्रे पाडून त्यांतून सु. १ मी. दोरा ओवून टोके बांधावीत. दोऱ्यास पीळ देऊन तो ताणला, की पीळ उलगडताना चकती वेगाने फिरते आणि जडत्वामुळे न थांबता दोऱ्यास उलटा पीळ देते. ताणणे व सैल सोडणे यांचा मेळ जमला, की भिंगरी अखंड फिरते व गुणगुणते. बाटलीचे झाकण ठोकून केलेली भिंगरी अधिक चांगली फिरते. तथापि तिची कड पात्यासारखी धारदार असल्याने ती टाळणे श्रेयस्कर. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे दिव्याच्या ज्योतीवर मऊ करून त्यांच्या साखळ्या व तोरणे करण्याची जुनी रीत काचेचा गुणधर्म उत्तम दाखविते. पण ती मोठ्या मुलांनी व मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावी.

शैक्षणिक विचार : बालशिक्षणात हस्तकृतींना स्थान देण्याचे श्रेय मुख्यतः जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यास दिले जाते. तथापि फ्रबेल व पुढे मारिया माँटेसरी यांची साधने मुद्दाम तयार केलेली व महाग होती. महाराष्ट्रात या पद्धतीला खेड्याच्या परिस्थितीत उतरविण्याचे कार्य ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी केले. ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे १९४५ मध्ये ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले व १९५७ मध्ये ते कोसबाड येथे गेले. तेथे शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या या परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचा दर्जा मिळाला. साधन स्वस्त होते म्हणून नव्हे, तर ते मुलाच्या ओळखीचे होते म्हणून परिणामकारक ठरले, हा या प्रयोगाचा बोध होय.

महात्मा गांधींनी पुरस्कारिलेल्या व १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडल्या गेलेल्या मूलोद्योग शिक्षणात हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा केंद्रबिंदू मानला होता. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि महाराष्ट्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात कार्यानुभव हा विषय आला. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविण्याच्या विचाराला अरविंद गुप्ता यांनी देशभर चालना दिली. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी त्यांचा संबंध आला. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे सांधे म्हणून व आगकाड्या दांड्या म्हणून वापरून भूमितीच्या आकृत्या उभारण्याची त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. व्हॉल्व्हची नळी व आगकाडी यांचे नाते आणि भेंड व साल यांचे नाते एकच आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मराठवाड्यातील गुराखी मुलांचा हा ठेवा त्यांच्याच शाळेत मात्र क्वचितच पोहोचला.

धोके व दक्षता : ‘घरात पडलेली कोणतीही वस्तू घ्या’ ही सूचना कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या भागात धोकादायक ठरू शकते. कीटकनाशकांचे रिकामे डबे व बाटल्या रंगीत, मजबूत व आकर्षक असतात. मुलांना त्यांतून गाडी किंवा कुंडी करण्याचा मोह होतो. असा डबा कितीही धुतला, तरी निर्विष झाला असे मानता येत नाही. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार अशी वेष्टने पुन्हा वापरात येणार नाहीत अशा रीतीने नष्ट करणे बंधनकारक आहे. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवरील फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यावरून या द्रव्यांच्या तीव्रतेची कल्पना येते. डब्यावरील चौकोनात खालच्या बाजूस असलेला रंगीत त्रिकोण विषारीपणाची पायरी दर्शवितो : लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. ही खूण मुलांना ओळखता येणे हा कार्यानुभवाचाच भाग समजावा. खताची व औषध लावलेल्या बियाण्याची पोतीही याच कारणास्तव वर्ज्य होत.

याखेरीज बॅटरीचे जुने सेल, फुटलेल्या विजेच्या नळ्या (त्यांत पारा असतो), औषधांच्या सुया व कुपी, गंजलेला पत्रा या वस्तू मुलांच्या हाती देऊ नयेत. प्लॅस्टिक व थर्मोकोल तापवून वाकविणे किंवा जाळणे यांतून अपायकारक वायू निघतात. हे प्रकार टाळावेत.

मर्यादा व सद्यःस्थिती : शाळाशाळांतील प्रदर्शनांमुळे या कलेचा प्रसार झाला, तसाच तिचा विपर्यासही झाला. प्रदर्शनासाठी नवी चमकी, नवा पुठ्ठा व रंगीत कागद विकत आणून, पालकांच्या हातून वस्तू तयार करवून घेण्याचे प्रकार सर्रास आढळतात. ज्या वस्तूसाठी टाकाऊपेक्षा नवीनच सामग्री अधिक लागते व जी प्रदर्शन संपताच कचऱ्यात जाते, ती ‘टिकाऊ’ म्हणता येत नाही. मुलाने केलेली वस्तू ओबडधोबड असणे स्वाभाविक आहे. ती खेळण्यास टिकते की नाही, मोडल्यास मुलाला ती दुरुस्त करता येते की नाही, हीच तिची कसोटी असावी.

दुसरा प्रश्न सामाजिक आहे. सुखवस्तू घरातील मुलाच्या दृष्टीने टाकाऊ वस्तूंचे खेळणे हा उपक्रम असतो, तर मजुराच्या मुलाच्या दृष्टीने ती पुष्कळदा निरुपायाची गोष्ट असते. शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकात शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिलेला रोहसेन आपली मातीची गाडी नको म्हणून रडतो. नाटकाचे नाव या गाडीवरूनच आले आहे. वर्गात एकाच वेळी दोन्ही गाड्यांची मुले बसलेली असतात. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर स्थलांतर करणारी मुलेही या भागात आहेत. म्हणून गरिबीचे गोडवे न गाता, धाटाची गाडी करणाऱ्यास जे येते ते इतरांना येत नाही, ही वस्तुस्थिती वर्गापुढे आणणे एवढेच शिक्षकाने करावे. अशा वेळी ते मूल वर्गाचा शिक्षक होते.

तिसरा प्रश्न सामग्रीचाच आहे. १९९० नंतरच्या काळात लातूर व नांदेड या जिल्ह्यांत सोयाबीनचे क्षेत्र झपाट्याने वाढले व ज्वारीचे घटले. सोयाबीनच्या काडाला भेंड नसते. कडबा महाग झाला, बैलगाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली आणि तुंबा, आरे, आस, जू हे शब्दही मुलांच्या बोलण्यातून मागे पडू लागले. दुसरीकडे पुठ्ठ्याची खोकी, झाकणे व वेष्टने यांचे ढीग खेड्यांतही वाढले आहेत. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्मोकोल यांच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली असली, तरी हा लोट थांबलेला नाही. नव्या सामग्रीला जुने सूत्र लावणे शक्य आहे : पुठ्ठ्याच्या पट्ट्या व रबरी चपलेच्या तळाचे तुकडे यांतून साल व भेंड यांचाच मेळ साधता येतो, आणि चपलेच्या तळाची चाके धाटाच्या चाकांपेक्षा अधिक काळ टिकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्याचे दहा दप्तरविरहित दिवस सुचविले आहेत. गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया, पत्रावळी लावणारी कुटुंबे व धाटांची खेळणी करणारे वृद्ध शेतकरी यांना त्या दिवसांत शाळेत स्थान मिळाल्यास ही कला पुढील पिढीच्या हाती राहू शकेल.